टेपखालची ओळ

फुकट आलेली वस्तू मी आधी उलटी करून बघते. ही सवय पत्रकांनी लावली. पत्रक हातात पडलं की लोक वरचं ठळक अक्षर वाचतात, मी तळाची बारीक ओळ वाचते. कोणी काढलं, कुठं छापलं? ती ओळ नसेल तर वरचा मजकूर कितीही गोड असो, माझा त्यावर विश्वास नाही. जो आपलं नाव लिहायला घाबरतो तो आपल्या भल्यासाठी कागद खर्च करत नाही.

त्या दिवशी मी गडचांदूरहून परत आले होते. तिथं खाणीच्या धुळीवर बैठक होती. पोंभुर्ण्याला एसटी उशिरा पोचली, तिथून ऑटो, आणि गावात पाय ठेवला तेव्हा दिवेलागण झाली होती. पावसाळ्यात आमच्याकडे दिवेलागण म्हणजे दारं लावायची वेळ. धानाच्या बांधापर्यंत वाघ येतो, आणि वाघ आला नाही तरी मच्छर येतातच. घरात लाइट नव्हती. आई चुलीपाशी. आणि आतल्या खोलीत, बाबांच्या खाटेवर, मच्छरदाणीच्या आत, एक चौकोनी पिवळसर उजेड. त्यात बाबांचं नाक, चष्मा आणि हनुवटीवरचे पांढरे खुंट एवढंच दिसत होतं.

"हे का हाय?" मी विचारलं.

"पुस्तक वाचायची पाटी," बाबा म्हणाले. मान वर केली नाही.

"कोणी देल्ली?"

"आधी हातपाय धू."

"कोणी देल्ली बाबा?"

"कंपनीची गाडी आली होती."

मी पिशवी खाली टाकली. गावाच्या तलावाचं पाणी मागणारी ती कंपनी. तिच्या विरोधात मी महिनाभर गावोगाव पत्रकं वाटत फिरत होते, आणि इकडे तिच्या गाडीतून उतरलेल्या उजेडात माझेच बाबा आडवे पडून वाचत होते.

"तुमच्या लक्षात येते का, हे कोणाचं हाय?"

"येते ना. म्हणून त आडवा होऊन वाचून राह्यलो. उभ्यानं वाचलं असतं त मान देल्यासारखं झालं असतं."

आई चुलीपाशी हसली. मला हसू आलं नाही.

बाबा आमच्या विहारातले वाचक. आषाढी पौर्णिमेला वर्षावास बसला की आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी, जेवणं आटोपली की, वस्ती विहारात जमते. वंदना होते आणि भगवंतांच्या चरित्राचा जाड ग्रंथ रोज थोडा थोडा वाचला जातो. वाचायचं बाबांनी, ऐकायचं सगळ्यांनी. पण रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, दिवसांत बाबा दिवसभर चिखलात वाकलेले असतात, पाठ लाकडासारखी होते. म्हणून विहारात जायच्या आधी ते खाटेवर आडवे होऊन त्या दिवसाचा भाग एकदा डोळ्यांखालून घालतात. माझ्या लहानपणापासूनचं चित्र हेच: मच्छरदाणी सोडलेली, छातीवर ग्रंथ उघडा, वरच्या दोरीला बॅटरी बांधलेली, आणि उजेडाला भुललेले किडे जाळीवर बाहेरून इतके बसलेले की जाळीचा रंग दिसत नाही. ग्रंथ जड. डुलकी लागली की तो थेट नाकावर यायचा. मग आतून आवाज, "मेलो बापा!" आणि आमची रोजची करमणूक.

पण गेल्या दोन पावसाळ्यांत करमणूक संपली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसरा डॉक्टर म्हणतात अजून थांबा. विहारातल्या पिवळ्या बल्बखाली बाबा एक ओळ दोनदा वाचायचे, एक गाळायचे. लोक काही म्हणायचे नाहीत, आणि तेच बाबांना लागायचं. या वर्षी त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं की आता दुसरा वाचक बघा. दुसरा कोणी तयार नव्हता. माझं नाव निघालं तर आईच म्हणाली, "ते नका करू. पोरगी वाचते त पत्रक वाचल्यावानी वाचते. झोपलेली लेकरं दचकून उठतात."

तर कंपनीच्या सीएसआरवाल्याला हे कुठून तरी कळलं. मला यातच पहिली खोट दिसली. माझ्या बाबांना दिसत नाही हे त्याला कोणी सांगितलं? जाकीट घातलेला एक तरुण पोरगा आला, आईच्या हातचा चहा प्यायला, पाटीत ग्रंथ आधीच भरून आणलेला होता तो उघडून दाखवला, अक्षर बोराएवढं कसं करायचं ते शिकवलं, आणि "काही दिवसांनी येतो, विहारात वाचताना एक फोटो काढू," म्हणून गेला. फोटो. म्हणजे तळाची ओळ सापडली होती.

मी पाटी हातात घेऊन उलटी केली. मागे काळं प्लास्टिक. छापखाना नाही, प्रकाशक नाही, पान नंबरसुद्धा नाही. कोपऱ्यात नुसते टक्के.

"याच्यात पान नाई बाबा."

"हो ना. काल विहारात मी सांगितलं, आज बारा टक्के झाले. त सगळे हसले. म्हणे भाऊ, पास व्हायले पस्तीस लागते."

"हे तुमचं वाचणं कंपनीले कळवत असन त?"

"कळवू दे. भगवंताचं चरित्र हाय. कंपनीनं ऐकलं त बिघडलं कुठी?"

"तुम्ही कोणत्या ओळीवर थांबता, किती वेळ थांबता, सगळं जाते म्हणतात."

"मी त झोपीनं थांबतो." बाबांनी पाटी परत मागितली. "तुले कोंबडीच्या अंड्यातबी कॅमेरा दिसते."

मी मुकाट्यानं दिली नाही. आधी सेटिंगमध्ये शिरले, विमानाचं चित्र शोधलं आणि तो मोड चालू केला. आता ती कुणाशी बोलणार नाही असं तिचं म्हणणं. तिच्या म्हणण्यावर किती भरवसा ठेवायचा हा वेगळा प्रश्न. बाबांनी पुन्हा मच्छरदाणी खोचली. मी बाहेर उभी राहून बघत राहिले. खरं ते लिहिते: बॅटरीपेक्षा तो उजेड बरा होता. मंद होता, डोळ्यांत घुसत नव्हता. जाळीवर किडे जवळजवळ नव्हतेच. बाबांचं बोट पाटीला लागलं की ती क्षणभर काळी होऊन पुन्हा पांढरी व्हायची, आणि बाबांचे ओठ न अडखळता हलत होते. हे सगळं मला दिसलं आणि त्यानं माझा संशय आणखी वाढला. पहिला घास गोडच देतात.

आता त्या ओळीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरून झालं.

ग्रंथात सुरुवातीच्या भागात नदीच्या पाण्यावरून दोन गणांचं भांडण येतं. तो भाग येतो नेमका रोवणीच्या दिवसांत, म्हणून वस्तीला तो फार जवळचा. बाबा तिथं आले की आवाज हळू करायचे आणि मग यायची ती ओळ: "ज्याची बांधी शेवटची, त्याला पाणी आधी." बांधी म्हणजे धानाचा बांध घातलेला तुकडा. म्हाताऱ्या बाया ही ओळ बाबांच्या बरोबरीनं म्हणायच्या. पोरं आईच्या मांडीवरून म्हणायची. मग "साधू, साधू, साधू" व्हायचं.

आणि ती नुसती म्हणायची ओळ नव्हती. इतर पाटांवर काय चालतं ते बघा. तलावाचं दार उघडलं, ज्याला आम्ही तुडूम म्हणतो, की तुडुमाजवळचा आधी आपली बांधी भरून घेतो, आणि शेवटचा बिचारा धानाच्या रोपांचे पऱ्हे पिवळे पडेपर्यंत आभाळाकडे बघत बसतो. आमच्या वस्तीच्या पाटावर उलटं. पाणी सरळ शेवटच्या बांधीला जातं आणि तिथून भरत भरत वर येतं. माझ्या जन्माच्या आधीपासून असंच. काऊन, असं कोणालाही विचारा, एकच उत्तर: ग्रंथात हाय. कंपनीनं तलावाचं पाणी मागितलं तेव्हा माझ्या पत्रकाच्या डोक्यावर मी हीच ओळ घातली, आणि खाली कंसात लिहिलं, "आमच्या ग्रंथातून." पत्रक पार अहेरीच्या बाजारापर्यंत गेलं होतं.

पाण्याच्या भांडणाचा भाग आला त्या संध्याकाळी विहार भरलेला होता. पुढ्यात शेवटच्या बांधीवाली मावशी बसली होती. तिचा नवरा नाही, दोन बांध्या आहेत, त्या पाटाच्या अगदी टोकाला. रोवणी तिची व्हायची होती. भिंतीला टेकून काका बसले होते, ज्यांची बांधी तुडुमाला लागून आहे. सख्खे नाहीत, वस्तीतले काका. दरवर्षी ते ही ओळ ऐकून "साधू" म्हणतात, पण सगळ्यांच्या नंतर आणि हळू.

बाबा पाटीवरून वाचत होते. असं वाचन मी त्यांच्या तोंडून कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. शब्द स्वच्छ, कुठं अडखळणं नाही. भांडण पेटलं, लोक काठ्या घेऊन नदीवर आले, भगवंत तेव्हा तरुण, ते लढाईच्या विरोधात उभे राहिले. बाबांचा आवाज हळू झाला. बायांनी श्वास घेतला. आणि बाबांनी बोट लावलं, पाटी काळी झाली, पांढरी झाली, आणि ते पुढचं वाचू लागले.

ओळ आलीच नाही.

"भाऊ," मावशी म्हणाली, "ओळ राह्यली."

बाबांनी मागं बोट लावलं. बघितलं. पुढं लावलं. बघितलं. घसा खाकरला.

"काऊन थांबले गा?" मागून कोणीतरी.

"याच्यात नाई," बाबा म्हणाले.

"नाई म्हंजे?"

"म्हंजे याच्यात नाई."

मी उभी राहिले. मला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं, पण मला सांगावं लागत नाही. मी म्हटलं, बघा. ज्या कंपनीला आपलं पाणी पाहिजे, तिनं दिलेल्या पुस्तकातून नेमकी पाण्याची ओळ गायब. छापलेल्या पुस्तकातून ओळ काढायची तर पान फाडावं लागतं, फाटलेलं दिसतं. याच्यातून काढली तर जखमसुद्धा राहत नाही. लोकांचा आवाज चढला. कोणी म्हणालं पाटी तलावात टाका, कोणी म्हणालं नाही, पुरावा म्हणून ठेवा. मावशीनं तर पाटीकडे अशी नजर टाकली जशी उंदराकडे टाकतात.

काका तेवढे भिंतीला टेकून होते. सगळे दमले तेव्हा म्हणाले, "छापील पुस्तक कपाटात हाय ना? काढा त मंग. पाहून घेऊ."

ग्रंथ निघाला. कापडातून सोडवला. ते पान सापडायला वेळ लागला नाही, कारण त्याच पानाला टेप लावलेला होता. कधीकाळी पान आडवं फाटलं होतं आणि कोणीतरी त्यावर चिकटपट्टी मारली होती. आता ती पट्टी गुळाच्या रंगाची झालेली. व्होल्टेज इतकं कमी की बल्बमधली तार मोजता यावी. पट्टीखाली अक्षरं आहेत एवढं कळत होतं, कोणती ते कळत नव्हतं.

"टेपच्या खाली असन," मावशी म्हणाली.

"असन," काका म्हणाले. "नसनबी."

ठरलं की उद्या संध्याकाळी खरं काय ते सांगायचं. ग्रंथ मी घरी आणला.

सकाळी पाऊस लागलेला, लाइट गेलेली, घरात उजेड असा नव्हताच. बाबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले होते. मी त्यांच्या पायथ्याशी मच्छरदाणीत घुसले, ग्रंथ मांडीवर घेतला, पाटीचा उजेड पूर्ण वाढवला आणि तिलाच कंदिलासारखी पानावर धरली. ज्या वस्तूवर माझा आरोप होता तिच्याच उजेडात मी पुरावा शोधत होते. दुसरा उजेड नव्हता, काय करू?

प्रूफ तपासतो तसं तपासलं. एक ओळ कागदावरची, एक पाटीवरची. शब्दाला शब्द जुळत होता. पट्टीच्या वरपर्यंत जुळला. पट्टीच्या खालपासून जुळला. मधे पट्टी. आता पट्टीखालचं अक्षर मला तिथंही वाचता येत नव्हतं, पण पत्रकाची मांडणी करणाऱ्या माणसाला एक गोष्ट येते. त्याला जागा कळते. पट्टी आडवी होती, पण ती फक्त अर्ध्या ओळीवरून गेली होती. तेवढ्यात चार शब्द बसतात, पाटीवर होते तेच चार. आपली ओळ, "ज्याची बांधी" पासून "आधी" पर्यंत, तिथं मावत नव्हती. बारीक टाईप घेतला, शब्द एकमेकांना चिकटवले, तरी मावत नव्हती.

आणि मग मला आणखी एक गोष्ट दिसली, जी आजवर दिसायला हवी होती. बांधी. हा शब्द आमच्या झाडीपट्टीचा. मुंबई-पुण्याकडच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या माणसानं तो कधी ऐकला तरी असेल का? अख्ख्या ग्रंथात तो शब्द एवढ्या एकाच जागी ऐकू यायचा, आणि वस्तीतल्या एकालाही त्याचं नवल वाटलं नाही. कसं वाटेल? घरचा माणूस घरात दिसला तर कोण विचारतो, इथं कसा?

"बाबा," मी म्हटलं. "झोपले का?"

"टेप मीच लावला," भिंतीकडून आवाज आला.

मी पाटीचा उजेड त्यांच्या पाठीकडे वळवला.

"तू व्हायची होतीस. तलाव अर्धाच भरला होता त्या साली. कंदील होता तेव्हा विहारात, काच काळी. पान फाटलेलं. त्या जागी आलो आन् मले पुढचं दिसलंच नाई. समोर मावशीचा मालक बसला होता. त्याचे पऱ्हे वाळून राह्यले होते, आन् पाणी वरच्या बांध्यांतच संपून राह्यलं होतं. मी त्याच्याकडं पाह्यलं, आन् तोंडातून निघून गेलं. वाचल्यावानीच निघालं. लोकं साधू म्हणाले. दुसऱ्या दिवशी पाणी त्याच्या बांधीले गेलं. मंग मी टेप लावला."

"झाकायले?"

"फाटलं होतं म्हणून!" बाबा वळले, उठून बसले. जाळी डोक्याला लागली. "पुढच्या साली लोकं त्या जागी वाट पाहून राह्यले. मी का करू? आन् खरं सांगू का, दरसाल तिथी आलो की मलेबी अक्षर नीट दिसे नाई. वाटे, असनही. काल दिसलं. एवढं मोठं दिसलं. दिसून राह्यलेल्या अक्षरापुढं जास्तीचं नाई बोलता येत पोरी."

पाऊस कौलांवर वाजत होता. मी माझ्या पत्रकाचा विचार करत होते. कंपनीच्या हातात हे पडलं तर ती काय करील ते मी डोळ्यांपुढे बघत होते: यांची ओळ खोटी, यांचं भांडण खोटं.

"सांगू नका," मी म्हटलं. "पाटीनं खाल्ली असंच राहू द्या. कंपनीचं काय वाईट होणार हाय? तिनं याच्यापेक्षा मोठं खाल्लं हाय."

"खाल्लं असन. पण हे नाई खाल्लं."

"मावशीचं पाणी जाईन बाबा. काका टपलेच हायेत."

बाबांनी पाटी माझ्या हातून घेतली, उजेड कमी केला. "आज कंपनीवर खोटं टाकशील, त उद्या खरं टाकशील तेव्हा तुले कोण ऐकन? आन् आपल्या धम्मात तपासून घ्या म्हणतात ना? तू त तपासलं. आता सांगावं लागते."

मला राग आला होता आणि तो कोणावर काढावा कळत नव्हतं. मी लोकांना तपासून घ्या म्हणत फिरते. स्वतःच्या घरात तपासलं तर हे निघालं.

संध्याकाळी विहारात आदल्या दिवसापेक्षा जास्त लोक होते. बाबा म्हणाले, तो भाग पुन्हा वाचतो. पाटीवरूनच वाचला. त्या जागेपर्यंत आले आणि पाटीचं झाकण लावलं. झाकण लागलं की तिचा उजेड जातो. बाबांचा चेहरा बल्बच्या मळक्या उजेडात परत आमच्या ओळखीचा झाला.

"आता जे म्हणतो ते ग्रंथात नाई," ते म्हणाले. "कधी नव्हतं. ते माहं हाय. ज्याची बांधी शेवटची, त्याला पाणी आधी." आणि कंदिलाची, फाटलेल्या पानाची, मावशीच्या मालकाची सगळी गोष्ट सांगितली.

कोणी साधू म्हणालं नाही.

काका भिंतीपासून सुटे झाले. "म्हंजे भाऊ, इतक्या साली मी माही बांधी कोरडी ठेवली ते तुमच्या बोलण्यावर?"

"हो."

"मी त म्हटलं भगवंताचं हाय."

"मलेबी कधीकधी तसंच वाटे," बाबा म्हणाले.

मागं कोणीतरी फिसकन हसलं. काका नाही हसले. "मंग यंदा तुडूम उघडलं की पाणी आधी माह्या बांधीले. आता कोणी ग्रंथ नका सांगजा मले."

मला उठायचं होतं. आईनं माझं मनगट धरून ठेवलं. आणि मावशी उठली. ती बोलणारी बाई नाही. विहारात तिचा आवाज मी वंदनेपुरता ऐकला होता.

"पुस्तकात नसन," ती म्हणाली. "पण पाणी त येत होतं ना? का तेबी पाटीनं दाखवलं होतं? दादा, तुमची बांधी एकाबी साली पडीक राह्यली का सांगा. मागून पाणी आलं, पण आलं. माह्याकडं मागून आलं असतं त आलंच नसतं. एवढंच हाय. भगवंतानं म्हटलं का भाऊनं म्हटलं, मले का फरक पडते?"

काका म्हणाले, "तसं म्हणत असाल त हात वर करून ठरवा. पुस्तकाच्या आड नका लपू."

खरं तर हे मी म्हणायला हवं होतं. ते काकांनी म्हटलं याचा मला अजून थोडा राग आहे. हात वर झाले. काकांचा झाला नाही. त्यांच्या शेजारी बसलेल्या काकूचा झाला. काकांनी तिच्याकडे बघितलं. काकू म्हणाली, "पाह्यता का? मावशीची रोवणी मले करून द्यायची हाय. पाणी नसलं त मी का कोरड्यात रोवू?"

विहार हसला. काकांनी हात खालीच ठेवला, पण दोन दिवसांनी तुडूम उघडायला तेच गेले, कारण ते लोखंडी दार त्यांच्याशिवाय कोणाला जमत नाही. पाणी त्यांच्या बांधीच्या बाजूनं गेलं आणि टोकाला मावशीच्या चिखलात शिरलं. आपल्या बांधाचं तोंड त्यांनी स्वतः मातीनं बुजवलं होतं. मी बघायला गेले होते. माझा त्यांच्यावर विश्वास नव्हता, म्हणूनच गेले होते.

जाकीटवाला पोरगा फोटोसाठी आला तेव्हा रोवणी चालू होती. तो बांधावर उभा, बूट हातात. म्हणाला, "तुमच्या बाबांना पाटी घेऊन खाटेवर बसवू, मच्छरदाणीत वाचताना छान येईल."

"माह्या बाबांचा खाटेवरचा फोटो तुमच्या कशावर छापून येणार?" मी विचारलं. "खाली काय लिहिणार?"

तो म्हणाला, "म्हणजे... असंच. माहितीपत्रक."

"तलावाच्या पाण्याच्या मागणीसोबत?"

मला वाटतं त्याला खरंच माहीत नव्हतं. पण ज्याला माहीत नसतं त्यालाच गाडीत बसवून पाठवतात. चिखलातून मावशीनं मान वर केली आणि विचारलं, "लेकरा, तुमच्या कंपनीची बांधी कुठी हाय?"

"आमची? नाही, आमची इथं शेती नाही."

"मंग पाणी कोणत्या बांधीले पाह्यजे?"

फोटो निघाला नाही. पाटी त्यानं परत मागितली नाही, आणि मी ती परत करा म्हटलं तर बाबा म्हणाले, वर्षावास होऊ दे. यावरून आमचं रोज भांडण होतं. रोज संध्याकाळी बाबा आडवे होतात, जाळी खोचतात, आणि मी आधी कोपऱ्यातलं विमान जागेवर आहे का ते बघते. ते असतं. तरी बघते. शब्दन्‌शब्द जुळला म्हणून देणाऱ्याचा हेतू जुळला असं होत नाही, आणि आज न बदललेलं उद्या बदलणार नाही असं मला कोणी लिहून दिलेलं नाही. म्हणून छापील ग्रंथही आता कपाटात बांधून न ठेवता बाबांच्या पुढ्यात उघडा असतो. आई पान उलटत जाते. टक्के आणि पान दोन्ही सांगितले जातात.

तलावाच्या पाण्याची ग्रामसभा अजून व्हायची आहे. जुनी पत्रकं मी गोळा करता येतील तेवढी गोळा केली, आणि नवं पत्रक काढलं. वर तीच ओळ, त्याच ठळक अक्षरात. कंस काढला. तळाला, जिथं मी सगळ्यांच्या पत्रकात आधी बघते, तिथं लिहिलं:

"वरची ओळ कोणत्याही ग्रंथातली नाही. ती आमच्या पाटावरची आहे. हात वर करून ठरलेली."

बाबांनी ते मच्छरदाणीत आडवं होऊन, पाटीच्या उजेडात धरून वाचलं. म्हणाले, "अक्षर बारीक झालं तळाचं."

"तळाचं बारीकच असते बाबा."

"मोठं कर," ते म्हणाले. "मले दिसलं पाह्यजे."

मोठं केलं.